आमच्या घराचे नाव घेणारी कीने

कीने गिसे हिला लिहिता-वाचता येत नाही. तरी माझ्या पणजोबांच्या आईचे नाव काय होते हे मला हवे असेल, तर मी तिच्याकडेच जातो. आम्हा ज्याव घराण्यातल्यांपैकी कुणालाच ते पाठ नाही, आणि पाठ करावे असे कुणाला कधी वाटलेही नाही. ते काम तिच्या घराण्याचे. गेवेलच्या, म्हणजे आमच्याकडच्या भाटाच्या, घरी जन्मलेल्याने कुळवान घराण्यांची नावे चारचौघांत घ्यायची, कुळवानाने ती गप्प बसून ऐकायची आणि जवळ असेल ते द्यायचे, अशी आमच्याकडची वाटणी आहे. मला ती नेहमीच सोपी आणि स्वच्छ वाटत आली. गेल्या वर्षी, म्हणजे १९९८च्या मार्चमध्ये, जे घडले त्यात कुणाचे काम कुणी केले हे मात्र मला अजून सांगता येत नाही. मी वाणिज्य शिकलेला, बंदरातल्या गोदामाची आवक-जावक तीस वर्षे सांभाळलेला माणूस आहे. दोन वर्षांत निवृत्त होईन. गोष्टी जागच्या जागी असल्या की मला बरे वाटते. ही गोष्ट जागेवर बसत नाही म्हणूनच ती लिहून काढतो आहे.

कीने साठीची असेल. नक्की वय तिलाही ठाऊक नाही. माझा मोठा भाऊ मापाते रांगत होता तेव्हा आपण चालत होतो, एवढेच ती सांगते. आणि मापातेचे वय कुणी विचारले तर तेही तीच सांगते. तिचे माहेर उत्तरेला, नदीकाठी, आमच्या मूळ गावाच्या शेजारी. तिथे तिच्या आजीने तिला आमची वंशावळ शिकवली ती डोक्यावर पाण्याचा घडा देऊन. विहिरीपासून घरापर्यंत एकेका पावलाला एकेक नाव. नाव चुकले की घडा ओतायचा आणि परत विहिरीवर जायचे. कीने म्हणते की त्या वर्षी तिच्या आजीच्या घरी कुणाला धड आंघोळ मिळाली नाही.

लग्न होऊन ती डाकारला आली. नवरा ढोल वाजवायचा, एका हातात काठी आणि दुसरा हात मोकळा, आणि तो वाजवू लागला की ती तासू म्हणायची. तासू म्हणजे ठेक्यावर झपझप म्हटलेल्या ओळी, निम्म्या स्तुतीच्या आणि निम्म्या टोमण्याच्या. त्या म्हणताना बाई नाचतेही आणि समोरच्याला बोटाने दाखवतेही. बारशात, लग्नात, निवडणुकीच्या सभेत, कीने कुठेही उभी राहिली की बायका रिंगण धरायच्या. माझ्या लग्नात तिने मुलीकडच्या दीडशे माणसांसमोर सांगितले होते की हा ज्यावांचा धाकटा बाजारात टोमॅटो घेतो तेव्हा एकेक उलटा करून पाहतो, तेव्हा नवरीबाई, उद्या सकाळी तू सावध राहा. माझी सासू हसता हसता चटईवरून घसरली. मी हसलो की रागावलो हे मला आठवत नाही. बायको अजून टोमॅटो आणले की विचारते, उलटे करून पाहिले का.

नवरा वारल्यावर कीने मेदिना वस्तीतल्या आमच्याच गल्लीच्या टोकाला एका खोलीत राहू लागली. एक मुलगी आहे, ती काओलाक शहरात नर्स. तिने आईचे काम घेतले नाही. दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर कीने मापातेच्या अंगणात येते, कडुनिंबाखाली बसते, मासेभाताच्या परातीत आपल्या बाजूने हात घालते, आणि जेवण झाले की हात पुसता पुसता आमच्या घराण्याची नावे म्हणून टाकते. मापाते रेल्वेत स्टेशनमास्तर होता. शिट्टी, झेंडा, वेळ यांत आयुष्य काढलेला माणूस. तो शुक्रवारभर कुरकुरतो की ही बया तीन माणसांचे जेवते, पण एखाद्या शुक्रवारी ती आली नाही तर भाताला हात लावत नाही.

त्या शुक्रवारच्या नावांकडे लक्ष देऊन ऐकणारा घरात एकच माणूस निघाला, आणि तिथूनच गोंधळ सुरू झाला. तो म्हणजे मापातेचा मुलगा लातिर. वय तेवीस, विद्यापीठात कायदा शिकतो असे आम्ही सर्वांना सांगत होतो. तो रॅप करायचा. गल्लीतली चार मुले, एक टेप, एक ढोल. ढोल वाजवणारा मासांबा हा कीनेच्या नवऱ्याचा पुतण्या. सुरुवातीला आम्ही त्याला वयाचा खेळ समजलो. मग भिंतीवर रंगीत कागद लागले आणि त्यावर लातिरचे नाव होते, आडनावासकट.

मापातेला आडनावाचे लागले. त्याचे म्हणणे सरळ होते. ज्यावांनी आजवर नावे ऐकली, कुणाची नावे घेतली नाहीत. चारचौघांत तोंड वाजवून टाळ्या घ्यायच्या हे काम आपले नाही, त्यासाठी देवाने वेगळी माणसे केली आहेत आणि त्यातली एक दर शुक्रवारी आपला भात खाऊन जाते. लातिरचेही म्हणणे त्याच्या परीने सरळ होते. हे गेवेलचे काम नव्हेच, तो सांगायचा. हे अमेरिकेतून आले आहे. आणि दुसऱ्या दिवशी तोच सांगायचा की हे अमेरिकेतले नव्हेच, हे इथलेच आहे, बेड्या घालून जहाजात कोंबलेल्या माणसांच्या तोंडून तिकडे गेले आणि कॅसेटमध्ये बसून परत आले, हे म्हणजे आपले तासूच. मी त्याला म्हटले की बाबा, दोन्हीपैकी एक धर. तासू असेल तर तुझा बाप बरोबर आहे. नसेल तर तू परक्याची नक्कल करतो आहेस. तो म्हणाला, “काका, तुम्ही प्रत्येक गोष्टीचे दोनच रकाने का करता?” 

एका शुक्रवारी त्याने कीनेलाच एक अमेरिकन रॅपची कॅसेट ऐकवली. मी तिथेच होतो. कीने डोळे मिटून बसली, गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला, दोनदा मान हलवली. मग विचारले, तो माणूस काय सांगतो आहे. लातिरने आमच्या वोलोफ भाषेत करून सांगितले: मी अमुक, मी तमुक रस्त्यावरचा, माझ्यासारखा बोलणारा दुसरा नाही, माझ्यासमोर उभा राहील त्याने विचार करावा.

“स्वतःच स्वतःचं नाव घेतोय?” कीने म्हणाली.

“हो मावशी. सगळेच घेतात.”

“बापाचं नाव?”

“ते नाही घेतलं.”

“आईचं?”

“नाही.”

“त्याच्या घरी गेवेल नाही का कुणी?”

लातिर हसला. तिकडे गेवेल नसतात, तो म्हणाला.  जहाजात गेवेलही नेले असतील ना, कीनेने विचारले. नेले असतील, मी म्हणालो. मग ते कोणाची नावे घेत असतील, ज्यांची घ्यायची ते दुसऱ्याच जहाजात, तिने विचारले.  तिने कॅसेटकडे पाहिले, जणू ती कॅसेट त्या माणसाच्या घरचीच कोणी होती.

“बिचारा,” ती म्हणाली. “कुणी घेणारं नाही, म्हणून घेतो.” आणि मग लातिरकडे वळून, “पण तुला मी आहे ना रे? मग तू का घेतोस?”

 लातिर कॅसेट उलटी करून लावू लागला.

मार्चमध्ये दोन गोष्टी एका आठवड्यात आल्या. मापातेची मुलगी न्दाते बाळंत झाली, पहिली मुलगी, आणि आठव्या दिवशी मंगळवारी बारसे ठरले. तिचा नवरा परदेशी होता, म्हणून बारसे आमच्याच अंगणात व्हायचे होते. आणि त्याआधीच्या शनिवारी शाळेच्या बास्केटबॉलच्या मैदानावर लातिरचा कार्यक्रम होता, तिकीट लावून. भिंतीवरच्या कागदात त्याचे आडनाव सर्वांत मोठ्या अक्षरांत.

गुरुवारी मापातेने कीनेला बोलावून घेतले. मलाही बसवले, साक्षीदार म्हणून असावे. त्याने सांगितले की मुलगा बापाचे ऐकत नाही, काकाचे ऐकत नाही, तेव्हा आता तुझे काम तू कर. याचा अर्थ आम्हा तिघांनाही कळत होता. गेवेलने भर सभेत हात वर करून घराण्याचे नाव घेतले, की त्या घराण्यातला माणूस बोलत असेल तर त्याने तोंड मिटायचे आणि ऐकायचे. जमिनीच्या वाटणीवरून हातघाईवर आलेले आमचे दोन चुलते तिच्या सासूने असे गप्प केलेले मी लहानपणी पाहिले आहेत.

“मैदानात?” कीने म्हणाली. “सहाशे माणसांत? पोराचं तोंड बंद करू?”

“तेच तुझं काम आहे.”

“माझं काम तोंड उघडायचं आहे, मापाते.”

मापातेचा आवाज मग उतरला. तो रागावला की हळू बोलतो. तो म्हणाला की ज्यावांची मुले स्वतःची नावे स्वतःच घेऊ लागली तर या घराला गेवेलची गरज उरत नाही. तू त्याला थांबवले नाहीस, तर मंगळवारी येऊ नकोस. बारशाचे नाव सांगायला मी रुफिस्कहून दुसरे कोणी आणीन, नाहीतर टेप लावीन.

आपल्या घरच्या गेवेलला बारशाला येऊ नको म्हणणे म्हणजे काय, हे वाचणाऱ्याला बाहेरून कळणार नाही. कीनेच्या आजीने आमच्या वडिलांचे नाव पुकारले होते. तिच्या सासूने माझे आणि मापातेचे. तिने लातिरचे आणि न्दातेचे. ती ज्यावांची गेवेल नसेल, तर ती कुणाचीच नाही. दुसऱ्या घराण्याची नावे तिला पाठ नाहीत आणि या वयात कुणी तिच्या डोक्यावर घडा देणार नाही. ती उठली. दारात थांबून मला म्हणाली, “धाकट्या, मुलाला थांबवलं तर माझं काम राहतं. पण तो थांबला तर माझं ऐकून थांबला, का तुझ्या भावाचं?” मी म्हणालो, फरक काय पडतो. तिने माझ्याकडे असे पाहिले की फरक पडतो आहे हे कळले. कोणता ते कळले नाही.

शनिवारी साडेचारला मी मैदानावर गेलो. मापाते आला नाही. जाऊन पाहून ये आणि जसे घडले तसे सांग, एवढे त्याने मला बजावले होते. ऊन होते, मुलेमुली कुंपणावर चढून बसली होती, शेंगदाणे विकणाऱ्या बायका आत शिरल्या होत्या. कीने पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. तिने निळा घोळदार झगा घातला होता आणि डोक्याला तोच रुमाल, जो ती मोठ्या बारशालाच बांधते. लातिर आला. पांढरे नवे बूट, काळा चष्मा. त्याने तिला पाहिले आणि चष्मा काढून ठेवला. तेवढे त्याचे वळण शिल्लक आहे हे पाहून मला बरे वाटले.

पहिली दोन गाणी महापौर, पाणीटंचाई आणि विद्यापीठाचा संप यांवर गेली. लोक खूश होते. मी कीनेकडे पाहत होतो, तिचा हात वर जातो का म्हणून. तो मांडीवरच होता. तिसऱ्याला मासांबाने ढोल घेतला आणि लातिर स्वतःवर आला. मी लातिर, मी ज्याव, नदीकाठचा, माझ्यासारखा बोलणारा दुसरा नाही. आता कीने उठली. तिने हात वर केला आणि “ज्याव!” अशी हाक दिली. पण लातिरच्या तोंडाशी माईक होता आणि मागे चार मोठे भोंगे. तिची हाक माझ्या रांगेच्या पुढे गेली नाही. तिने दुसऱ्यांदा दिली. मागचा एकजण म्हणाला, “आजी, बसा, दिसत नाही.” मला वाटले झाले, संपले, आता मंगळवार गेला.

लातिर पुढे चालला होता. कदाचित त्या दिवशीच्या तिच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून असेल, त्याने बापाचे नाव घेतले. मापातेचा मुलगा मी, मापाते योरोचा, योरो अमारीचा, अमारी मासिरेचा. सगळी शुक्रवारी ऐकलेली. माझ्या अंगावर काटा आला हे कबूल करतो. मग तो म्हणाला, मासिरे, ज्याला कोदूने दूध पाजले.

मासिरेला कोदूने दूध पाजले नाही. मासिरेच्या बापाला दोन बायका होत्या. कोदू थोरली, तिला मूल झाले नाही. मासिरे धाकटीचा, देगेनचा. हे मलाही तेव्हा आठवले नाही, नंतर कळले. लातिरने पुढे सांगितले की त्याला देगेन ठाऊक होती, पण कोदू ठेक्यात बसत होती, आणि दोघीही आपल्याच, मग काय बिघडले. आमच्याकडे माणसाचा शहाणपणा आणि धीर आईच्या दुधातून येतो असे मानतात. आईचे नाव चुकवले, तर त्या माणसातले ते सारे काढून घेतल्यासारखे होते, आणि त्याच्या पुढच्या सर्वांतलेही.

कीने त्या वेळी काय विचार करत होती हे मी तिला पुढे अनेकदा विचारले. ती म्हणते, काहीच नाही. ती मंचाच्या तीन पायऱ्या चढली, लातिरच्या हातातून माईक काढून घेतला आणि म्हणाली:

“देगेन!”

मग ती सुरू झाली. तासूतच. मासिरे देगेनचा, देगेन जी नदी उतरून आली, देगेन जिने दुष्काळात बियाणं विकलं नाही, कोदूचा पाळणा रिकामा, कोदूला दोष नाही, पण ए कायदा शिकणाऱ्या, तुझ्या पुस्तकात आई बदलायचं कलम कितवं? मैदान खदखदून हसले. मासांबाचे हात एक क्षण थांबले, आणि मग त्याने टेपचा ठेका सोडून आपल्या काकाचा ठेका धरला. तो गेवेल आहे. घरातली वडील बाई म्हणू लागली तर त्याला दुसरे काही वाजवता येत नाही. कीनेने चपला काढल्या, झग्याचा सोगा कमरेला खोचला आणि बोटाने लातिरला दाखवत दाखवत आमची अख्खी वंशावळ खालून वर आणि वरून खाली म्हटली. बायका खुर्च्या सोडून पुढे आल्या, रिंगण धरले. इतक्या माणसांत आमच्या घराण्याची नावे मी कधी ऐकली नव्हती.

आणि लातिर गप्प उभा होता. हात समोर बांधून, मान खाली. जसे उभे राहायला हवे तसेच.

ती थांबली तेव्हा देणे त्याच्याकडे आले. ज्याची नावे घेतली त्याने द्यायचे. त्याने खिसे चाचपले, खिशात काही नव्हते. तेव्हा तो वाकला, नाड्या सोडल्या आणि नवे पांढरे बूट काढून तिच्या हातात दिले. लोक वेडे झाले. मग त्याने माईक परत मागितला, तिने दिला, आणि तो अनवाणी पुढे म्हणू लागला. या वेळी देगेनचे नाव घेऊन.

मी घरी गेलो. मापाते अंगणात बसला होता. त्याला मी जसे घडले तसे सांगितले. त्याने तीनदा ऐकले.

“म्हणजे तिने थांबवलं,” तो म्हणाला.

“हो.”

“आणि तो थांबला.”

“थांबला.”

“मग पुन्हा म्हणाला.”

“हो, पण तिने माईक दिल्यावर.”

“म्हणजे तिने थांबवलं नाही.”

मी म्हणालो की मला सांगता येत नाही. तू तिथे होतास ना, तो म्हणाला. होतो, म्हणूनच सांगता येत नाही.

रविवारी मशिदीतून येताना त्याला सात-आठ जणांनी गाठून हात मिळवले. तुमच्या घरच्या बाईने काय नावे घेतली, देगेन म्हणजे कोण हो, असली माणसे आता कुठे. मापाते घरी आला तो फुलून आला होता, आणि उंबरठा ओलांडल्यावर आठवले की आपण रागावलेलो आहोत. जेवला नाही. वहिनींनी मला खूण केली की विचारू नका. दुसरे कोणी रुफिस्कहून आणायचे का, हे कुणी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. कीनेला ये असा निरोप गेला नाही, येऊ नको असाही गेला नाही.

तिकडे कीनेकडे सोमवारी कार्यक्रमवाले दोन तरुण आले. पुढच्या महिन्यात दुसऱ्या मैदानावर आहे, तुम्ही पण या, लोक तुम्हालाच विचारतात. मी तिथे तिची चौकशी करायला गेलो होतो, तेव्हा तिने त्यांना बसवून घेतले होते. बूट कोपऱ्यात होते, चव्वेचाळीस नंबर. तिने विचारले, कुणाची नावे घ्यायची. ते म्हणाले, कुणाचीही, तुमची स्वतःचीही चालतील.

“माझं नाव मी घेऊ?” कीने म्हणाली. ती खरेच घाबरलेली दिसली. “मी काय मेल्यागत एकटी आहे?”

तरुणांना कळले नाही. ते गेल्यावर तिने मला विचारले की उद्या येऊ का. मी म्हणालो की मला ठाऊक नाही, मापातेलाही ठाऊक नाही. ती म्हणाली, मापातेला ठाऊक नसेल तर कुणाला ठाऊक आहे. त्याला तरी सांगू दे. 

मंगळवारी सकाळी अंगणात चटया घातल्या. बाजरीची लापशी दह्यासकट परातींत आली. इमाम आले. बाळाच्या डोक्यावरून वस्तरा फिरला. इमामांनी बाळाच्या कानात नाव सांगितले, मग वाकून मापातेच्या कानात. आता ते नाव उठून सर्वांना मोठ्याने सांगायचे, आणि ते सांगणारे कोणी नव्हते. सगळे मापातेकडे पाहू लागले. मापाते बाळाकडे. मग आपोआप सगळ्यांच्या नजरा लातिरकडे वळल्या, कारण आवाज म्हणावा तर त्याच्याकडेच होता. लातिर पायाच्या अंगठ्याने चटई उकरत राहिला. ज्याने सहाशे माणसांत स्वतःचे नाव घेतले, त्याला तीन किलोच्या भाचीचे नाव घेता येईना. तो बापाला हळूच म्हणाला, “बाबा, हे माझं काम नाही.” मापातेने त्याच्याकडे पाहिले. हेच वाक्य तो स्वतः चार महिने सांगत होता.

कीने दाराबाहेर उभी होती. कधीपासून ते ठाऊक नाही. तोच निळा झगा. तिने उंबरठा ओलांडला नव्हता.

“मापाते,” ती तिथूनच म्हणाली, “आत येऊ, का बाहेरूनच सांगू? माझा आवाज दोन्हीकडून पोचतो.”

कुणीतरी हसले आणि थांबले. मापाते उठला. तो दारापर्यंत गेला आणि तिच्यासमोर उभा राहिला, स्टेशनात गाडी उभी असताना उभा राहायचा तसा. मला वाटले तो काहीतरी शेवटचे बोलणार.

“सकाळपासून कुठे होतीस?” तो म्हणाला. “लापशी निवली.”

ती आत आली. त्याने तिच्या कानात नाव सांगितले. तिने ते पुकारले: सूकेयना. गल्लीच्या टोकापर्यंत गेले असेल. मग नेहमीप्रमाणे बाळाला आईच्या घराण्याशी जोडण्यासाठी ती एकेक नाव घेत गेली आणि प्रत्येकामागे त्याचे एक काम लावत गेली. मासिरे ज्याने विहीर खणली, अमारी ज्याने पाहुणा परत पाठवला नाही, योरो जो मक्केला चालत निघाला, मापाते ज्याची गाडी कधी चुकली नाही. न्दाते जिने काल रात्रभर डोळा लावला नाही. मग लातिरपाशी येऊन ती अडली. लातिरमागे आजवर तिने काही लावलेच नव्हते. लहान आहे, म्हणायची. सगळे थांबले.

“लातिर,” ती म्हणाली, “ज्याला थांब म्हटलं आणि जो थांबला.”

बायकांनी टाळ्या पिटल्या. मापातेने मान डोलावली आणि खिशातून नोट काढून तिच्या हातात ठेवली. म्हणजे त्याने ती स्तुती मानली असावी. लातिर हसला आणि मग हसता हसता त्याचा चेहरा बदलला. लापशी वाढताना तो माझ्या शेजारी येऊन बसला.

“काका, ही स्तुती होती की टोमणा?”

मी कीनेकडे पाहिले. ती परातीतून आपल्या बाजूची लापशी घेत होती आणि दही कमी आहे म्हणून वहिनींना बोलत होती. मी त्याला म्हणालो, तूच विचार. त्याने विचारले. तिने चमचा खाली ठेवला आणि खरोखर विचार केला, बराच वेळ.

“खाऊ दे मला,” ती म्हणाली. “म्हणताना मला कळलं होतं.”